जावजीवचा नियम

नवापूरच्या बाजारात धर्मचंदशेठचं कापडाचं दुकान, आणि गल्ल्यामागच्या गादीवर तीस वर्षं त्यांची बायको छोटीबाई. गिऱ्हाइकाशी अहिराणी, घरात मारवाडी आणि नवऱ्यापुढं मुकाट, एवढी तिची विद्या. लेक एकच, रक्षा. तिच्या तोंडाला मात्र कुलूप नव्हतं.

रक्षा शिकली आणि कोकणच्या किनाऱ्यावर देवमाशांच्या अभ्यासाला लागली. अभ्यासकांनी मच्छीमारांकडून भाड्यानं घेतलेल्या बोटीवर पैसे भरून पाहुणे यायचे, त्या पैशांवर संशोधन चालायचं आणि पाहुणेही देवमासे शोधायला मदत करायचे. शेजारची कौसाबाई विचारायची, "काय करी ऱ्हायनी व तुन्ही पोर समुद्रमा?" देवमाशांचे श्वास मोजते, असं छोटीबाईनं सांगितलं की कौसाबाई कपाळाला हात लावायची.

शेठ माणूस वाईट नाही हो, पण नाक भारी. जैनाची पोर मच्छीमारांच्या बोटीत राहते हे त्यांच्या घशाखाली उतरेना. आम्ही मासे मारत नाही पप्पा, जीवदया तुम्हीच शिकवलीत ना, असं ती म्हणाली की हे आणखीच पेटायचे. दर वर्षी जानेवारीच्या फेरीत ती आईबापासाठी दोन जागा राखून ठेवायची. तीन वर्षांपूर्वी चातुर्मासात तिचा असाच बोलावण्याचा फोन आला आणि शेठ रागाच्या भरात तडक जैन स्थानकात, साधूंच्या प्रवचनाला गेले. प्रवचन संपल्यावर लोक लहानसहान नियम घेत होते. कोणी वर्षभर मिठाई सोडत होतं, कोणी चहा. शेठ हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, पाण्यावर पाय ठेवणार नाही. महाराजसाहेबांनी विचारलं, एक वर्ष?

"जावजीव," शेठ म्हणाले. म्हणजे जन्मभर.

काही सूट ठेवायची का, असंही महाराजसाहेबांनी विचारलं. शहाणी माणसं ठेवतात. शेठनी ठेवली नाही. सभेनं वाहवा केली, आणि बायकांच्या बाजूला बसलेल्या छोटीबाईनं पदर तोंडावर ओढला.

रक्षाला कळलं तेव्हा ती हसली. मग आई, तू तरी ये, म्हणाली. नवरा नाही तर आपण एकटीनं कसं जायचं, म्हणून छोटीबाई दर वर्षी 'पुढच्या साली' म्हणत राहिली. त्याचं दुःख तिचं तिलाच ठाऊक.

गेल्या पावसाळ्यात रक्षा घरी आली ती तापानं फणफणूनच. डेंग्यू निघाला. सुरतच्या दवाखान्यात नऊ दिवस काढले. शेवटच्या सकाळी छोटीबाई तिच्या छातीकडं बघत बसली होती. एक श्वास आला. ती पुढच्याची वाट बघत राहिली.

जानेवारीत रक्षाबरोबर काम करणाऱ्या मयूरीचा फोन आला. रक्षानं आधीच यादीत तुमची दोघांची नावं लिहून ठेवली आहेत, काय करू, असं तिनं चाचरत विचारलं. छोटीबाईनं सांगितलं, मी येते. नवऱ्याला विचारलं नाही, आयुष्यात पहिल्यांदा. शेठही सोबत निघाले. बंदरातला धक्काही पाण्यावरच उभा, म्हणून ते वाळूतच थांबले. तिनं उकळलेल्या पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली आणि मागं वळून न बघता बोटीत चढली. मनात एकच होतं: देवमासा दिसू दे, मग परत येऊन या माणसाला रंगवून रंगवून सांगते. जळू दे त्याचा जीव.

किनारा दिसेनासा झाला. प्रत्येकाला समुद्राचा एकेक तुकडा वाटून दिला होता, तिथून नजर हलवायची नाही. छोटीबाईला दोनदा उलटी झाली, तरी ती जागची हलली नाही. दुपारी तिच्याच तुकड्यात पाण्याचा फवारा उडाला आणि काळी पाठ वर आली. मयूरीनं रक्षाची वही तिच्या हातात दिली. प्रत्येक श्वासाची वेळ लिहायची होती. आधीची पानं लेकीच्या अक्षरात होती. त्याखाली छोटीबाईनं पाच श्वास लिहिले. मग पाठ बुडाली आणि पाणी सपाट झालं. आता दहा-बारा मिनिटं थांबायचं, मयूरी म्हणाली.

चार मिनिटं झाली, सात झाली. अकराव्या मिनिटाला देवमासा बोटीच्या अगदी जवळ वर आला आणि एवढा मोठा श्वास सोडला की तिच्या तोंडावर पाणी उडालं.

"तू आलास रे," ती म्हणाली. "ती का नाही आली?" आणि ढसाढसा रडली. ती वेळ मयूरीनं लिहिली.

ऊन कलल्यावर बोट परतली. शेठ जिथं सोडले होते तिथंच उभे होते. ओठ सुकून फाटलेले, बाटली तशीच भरलेली. बायको परत येईपर्यंत पाणी घेणार नाही, असं ठरवून बसले होते. नियम घेण्यात हा माणूस कधी मागं पडला नाही.

"दिसला?" त्यांनी विचारलं.

सगळं तिच्या जिभेवर तयार होतं. तिनं त्या ओठांकडं बघितलं.

"नाही," छोटीबाई म्हणाली. "दिवसभर नुसतं पाणी."

शेठनी समुद्राकडं बघितलं. "म्हणजे मी आलो असतो तरी दिसला नसता."

"नसता."

मग त्यांनी बाटली उघडली.

संध्याकाळी लॉजच्या खोलीत दोघं प्रतिक्रमणाला बसले, दिवसभरात झालेल्या चुकांची माफी मागायला. छोटीबाईनं रागाची मागितली, पायाखाली मुंगी आली असेल तर तिची मागितली. खोटं बोलल्याची मागितली नाही. शेवटी रीतीप्रमाणं शेठ तिच्याकडं वळले, हात जोडून 'मिच्छामि दुक्कडं' म्हणाले, म्हणजे चुकलंमाकलं माफ कर. तिनंही तेच म्हटलं. मग ते हात तसेच जोडून खिडकीकडं वळले. बाहेर समुद्र होता.

"रक्षा," ते म्हणाले, "मिच्छामि दुक्कडं."

समोरच्यानंही उलट तेच म्हणायचं असतं. शेठ हात जोडून वाट बघत राहिले.