जमिनीवरचं ओझं

खुशालचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. घड्याळ लावायची गरज नव्हती. उमेदीची सगळी वर्षं त्यानं आदिलाबादच्या मार्केट यार्डात हमाली केली आणि कापसाच्या गाड्या तिथं याच वेळेला लागायच्या. हमाली सुटली, डोळे मात्र चारलाच उघडत राहिले. उठून तो चहा ठेवायचा, शकुबाईला कुशीवर वळवायचा, तिच्या पाठीला तेल चोळायचा, खालची चादर ओढून सारखी करायचा. दोन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. तेव्हापासून तिचं उठणं-बसणं नवऱ्याच्या हाती. मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच.

सकाळी नऊला तो जिनिंग मिलमध्ये जायचा. आता तिथं त्याला झाडू होता. उडालेला कापूस गोळा करायचा, कचरा वेचून वेगळा टाकायचा, संध्याकाळी परत यायचं. दुपारी शेजारची रुपा दार उघडून शकुबाईला पाणी पाजायची, दोन घास भरवायची आणि आपल्या कामाला जायची.

यार्डातल्या हमालांचा एक रिवाज होता. जमिनीवरचं पोतं एकट्यानं उचलायचं नाही. दोघांनी कान धरून उचलायचं, तिसऱ्यानं वाकून पाठ द्यायची. पोतं पाठीवर बसलं की मग तो एकटा. कितीही लांब नेवो, फळीवरून गाडीत चढवो. एखादा नवा गडी जोर दाखवायला जमिनीवरून एकटाच उचलायला गेला, तर म्हातारे हमाल त्याला शिव्या द्यायचे. खुशालनं क्विंटलाची पोती हसत वाहिली, पण जमिनीवरून एकट्यानं कधी काही उचललं नव्हतं. उचलायची वेळच आली नव्हती. जोडीदार फकिरा एका बाजूला असायचा, दुसऱ्या बाजूला कोणी ना कोणी मिळायचंच. फकिरा वारला. बाकीचे पांगले.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी शकुबाई खाटेवरून घसरून खाली पडली. लागलं काही नाही. खुशालनं तिच्या काखेत हात घातले आणि ओढलं. ती जागची हलली नाही. त्यानं पुन्हा जोर लावला, तर त्याच्याच कमरेत चमक भरली. क्विंटलभर वाहणाऱ्या माणसाला आपली बायको उचलेना. रुपाच्या घराला कुलूप होतं. गल्लीतली माणसं बाजाराला गेलेली. मग तोही खाटेला टेकून तिच्याशेजारी जमिनीवर बसला. ऊन दारातून आत आलं, भिंतीवर चढलं, तरी दोघं तिथंच. दुपार कलल्यावर रुपाचा नवरा आला, तेव्हा दोघांनी मिळून तिला वर घेतलं.

ही गोष्ट मुधोळला पोचली. शकुबाईचे थोरले भाऊ यशवंतराव तिथं शेती करतात. घरात दोन सुना, नातवंडं, माणसांचा राबता. ते आले, खाटेजवळ बसले आणि म्हणाले, "भाऊजी, आता शकूले मी नेतो."

"काऊन? मी काय मेलो काय?"

"मरायची गोष्ट नाही. पुन्हा पडली तं कोन उचलन?"

"मी उचलीन."

"उचललं नाही ना तुमी."

खुशालनं शकुबाईची चादर ओढून सारखी केली. मग म्हणाला, "आखाजीले या. तुमच्या डोळ्यासमोर उचलतो. नाही उचललं तं घेऊन जा."

यशवंतरावांनी बहिणीकडे पाहिलं. ती वर पत्र्याकडे पाहत होती.

बसस्टँडच्या मागच्या रस्त्यावर रविकांतची जिम होती. तिशीचा माणूस, वडील मास्तर, बोलायला सरळ. पहाटे पाचला शटर उघडायचा. खुशाल चप्पल बाहेर काढून आत गेला, तेव्हा आरशासमोरच्या दोघांनी वळून पाहिलं.

"काका, चप्पल घाला. देऊळ नाही हे," रविकांत म्हणाला. "काय पायजे?"

"जमिनीवरून उचलाले शिकव."

"डेडलिफ्ट म्हनता?"

"नाव तू ठेव. जमिनीवरून, एकट्यानं."

भारत नावाचा मोबाइल दुकानवाला बाकावर बसून घाम पुसत होता. तो म्हणाला, "काका, त्या फंदात नका पडू. त्यानं कंबर जाते. म्या तं कधीच सोडलं. मशीनवर पाय करतो, पाठ करतो, काही कमी पडत नाही."

"तुले उचलाचं काय असते? मोबाइल," रविकांत म्हणाला. भारतही हसला.

मग रविकांत खुशालकडे वळला. "हा खोटं नाही बोलत, काका. डेडलिफ्ट सगळ्याईनं करायलाच पायजे असं काही नाही. पाय, पाठ, मांड्या दुसऱ्या व्यायामानंही होते. तुमच्या वयात मी तेच सांगतो. पन तुमाले उचलाचं काय हाय?"

"बायको."

कोणी हसलं नाही. रविकांतनं भिंतीशी उभा केलेला लोखंडी बार आणून जमिनीवर ठेवला.

पहिल्याच दिवशी कळलं की खुशालला वजन नाही, वाकणं नडतंय. जन्मभर तो ओझं घ्यायला वाकला होता, पाठीची कमान करून, मान खाली घालून. इथं उलट. कंबर मागं न्यायची, पाठ फळीसारखी, बार नडगीला चिकटून. "ओढू नका," रविकांत सांगायचा, "पायानं जमीन दाबा. ती खाली गेली की बार आपोआप वर येते." खुशाल नुसता बार उचलायचा आणि पाठ वाकली की रविकांत तिच्यावर टिचकी मारून तो खाली ठेवायला लावायचा. एवढ्या हलक्या लोखंडानं आपल्याला खाली ठेवायला लावावं, याची खुशालला लाज वाटली. पण त्यानं कुरकुर केली नाही. चुकलं की पुन्हा. बरोबर झालं की तेही पुन्हा. माघ गेला, शिमगा गेला, बारला तबकड्या चढत गेल्या. कंबर दुखली नाही.

एके दिवशी रविकांतनं बार बाजूला केला आणि वाळूचं पोतं पुढ्यात टाकलं. "माणसाले मूठ नसते, काका. माणूस लोंबते. आता हे घ्या."

पोतं हातातून पाझरल्यासारखं निसटायचं. मिठी मारावी लागे, छातीशी आवळून, मांडीवर घेऊन, मग उभं राहायचं. खुशालनं घरी ज्वारीचं पोतं खाटेजवळ आणून ठेवलं. संध्याकाळी मिलमधून आला की हातपाय धुवायचे, स्वयंपाक करायचा, शकुबाईला भरवायचं आणि ते पोतं उचलून खाटेच्या कडेवर ठेवायचं, परत खाली घ्यायचं. पुन्हा वर.

शकुबाईची जीभ थोडी जड झाली होती, पण धार होती. "अवो, ते पोतं जेवलं काय?"

"कोनतं?"

"हेच. रोज त्यालेच जवळ घेऊन राह्यले तुमी."

"तुझ्यासाठीच करून राह्यलो ना."

"मले काय ज्वारी समजले?"

तो हसला आणि पोतं उचललं. ती आणखी काही बोलणार होती. पण तो श्वास रोखून होता. उचलताना बोलायचं नाही, श्वास पोटात धरायचा, असं रविकांतनं शिकवलं होतं. पोतं ठेवून त्यानं श्वास सोडला, तोवर तिनं तोंड भिंतीकडे केलं होतं. दमलेला गडी, अंग टाकताच झोपायचा. चारला पुन्हा उठायचं होतं.

अक्षय्य तृतीयेला, आखाजीच्या दिवशी, यशवंतराव आले. सकाळीच ऊन तापलं होतं. चहा झाला. खुशाल म्हणाला, "पाहा आता." त्यानं सतरंजी अंथरली, शकुबाईला खाटेवरून हळूच खाली घेतलं आणि झोपवलं. मग पाय रोवले. कंबर मागं नेली, एक हात तिच्या पाठीखाली, एक गुडघ्यांखाली. तिला मांडीवर घेतलं, छातीशी आवळलं आणि उभा राहिला. पाठ फळीसारखी होती. तिचा निर्जीव हात लोंबू नये म्हणून तोही त्यानं पोटाशी दाबून धरला होता. तो एक क्षण तसाच उभा राहिला आणि मग तिला खाटेवर ठेवलं. उशी सारखी केली.

"मानलं, भाऊजी," यशवंतराव म्हणाले. ते मनापासून म्हणाले. "आता मी काही बोलत नाही. शकू राहू दे इथंच."

"दादा," शकुबाई म्हणाली, "मले घेऊन जा."

खुशालला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काऊन? दुखलं काय कुठं?"

"नाही दुखलं. बेस उचललं तुमी."

"मंग?"

ती थांबत थांबत बोलली. "तुमी सकाळी जिममंदी. मंग मिलमंदी. संध्याकाळी पोतं. रुपा येते, पानी पाजते, जाते. मी दिवसभर पत्र्याचे खिळे पाह्यते. त्या दिवशी मी पडली, तवा तुमी माझ्या बाजूनं बसले होते. फकिराभाऊची गोष्ट सांगितली, माझ्या मायची सांगितली. त्याच्या बादमंदी बसलेच नाही." तिनं श्वास घेतला. "तिकडे सुना हायेत. भांडतीन, पन बोलतीन तं."

"आता बसतो ना. पोतं नाही आता."

"अन् मिल?"

मिल सोडली तर खाणार काय, हे दोघांनाही माहीत होतं. यशवंतराव उठून बाहेर गेले, बिडी पेटवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे खुशाल जिममध्ये आला. रविकांतनं शटर वर करताना विचारलं, "जमलं काय, काका?"

"जमलं."

"वा! मंग राह्यली ना घरी?"

"नाही. भावाकडे चालली, मुधोळले."

खुशालनं बार ओढून मधोमध घेतला आणि तबकड्या चढवायला लागला.

"मंग आता कायले करता?"

"तिले गाडीत ठेवाचं हाय. गाडीची सीट उंच असते."

गल्लीत गाडी येत नाही. न्यायच्या दिवशी ती रस्त्यावर उभी राहिली. मागची सीट आडवी होते, निजलेलं माणूस तसंच नेता येतं, अशी गाडी खुशालनं हिंडून शोधली होती. घरापासून रस्त्यापर्यंत त्यानं तिला दोन हातांवर आणलं. गल्लीतल्या बाया दारात आल्या. रुपानं डोळ्याला पदर लावला. यशवंतरावांनी मदतीला हात पुढं केला, तेव्हा खुशाल म्हणाला, "राहू द्या." त्यानं कंबर मागं नेली, पाय दाबले आणि तिला सीटवर ठेवलं. तिच्या डोक्याला छत लागू नये म्हणून स्वतःचा हात मध्ये धरला. तो हात छताच्या पत्र्याला घासला.

"बीपीची गोळी रात्री देजा," तो यशवंतरावांना म्हणाला. "कुशीवर वळवा. तेल लावा पाठीले."

"येजा," शकुबाई म्हणाली.

"येतो."

यशवंतरावांनी भाड्यासाठी खिशात हात घातला. खुशालनं त्यांचा हात धरला. "माझं मानूस हाय," तो म्हणाला आणि ड्रायव्हरच्या खिडकीशी गेला. हंगामभर मिलमध्ये झाडू मारून जिमची फी जाता जे उरलं होतं, ते सगळं त्यानं त्याच्या हातात ठेवलं. आदिलाबादहून मुधोळपर्यंत शकुबाईला निजवून नेण्याचं भाडं त्या मजुरीत भागलं.