रोजचा भाग, क्रमाने

तिच्या सासूला चर्चच्या साऱ्या मंडळीत मननबाई म्हणत. रोज सकाळच्या चहाला बायबलच्या शुभवर्तमानातला एक भाग वाचायचा आणि त्यावर चार शब्द मनन करायचं, हा त्यांच्या घरचा नियम. भाग क्रमानं यायचा. आवडीचा म्हणून आधी घ्यायचा नाही, जड जातो म्हणून टाळायचा नाही. घरात ताप असो की दारात पाहुणे, बाईंनी कधी एक ओळ ओलांडली नाही. त्याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्यांनी गावभर सांगितला होता.

मनन बाई प्रभूच्या नावानं सुरू करत आणि सुनेच्या डोक्यावर आणून आदळत. हरवलेल्या नाण्यासाठी घर झाडणारी बाई आली की म्हणत, आपल्याकडे काही सापडत नाही, कारण झाडू कुणाच्या हातात आहे ते दिसतंच आहे. दिव्यासाठी तेल न्यायला विसरलेल्या कुमारी आल्या की नुसत्या सुनेकडे बघत. सुनेचा नवरा कपात तोंड घालून हसू दाबायचा. सून रिकामे कप उचलायची. ती हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. दिवसभर वाफेत उभं राहायचं असेल तर सकाळीच ताकद तोंडावर घालवून चालत नाही.

एकदा फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा दाखला आला. सुनेच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. बाईंनी पुस्तक मिटलं, मुलाकडे पाहिलं.

"मालक काय म्हणतो? तोडून टाका, उगाच जागा अडवून उभं आहे. ऐकतोयस ना?"

दाखल्यातल्या माळ्यानं त्या झाडासाठी आणखी एक वर्ष मागून घेतलं होतं, खत घालतो म्हणाला होता. तेही त्यांनी वाचलं होतं. मननात मात्र आलं नाही. मुलानं चहा संपवला आणि आज उशीर होईल असं सांगून तो गाडीवर गेला. तो मालट्रक चालवायचा. त्यानं झाड तोडलं नाही आणि खतही घातलं नाही.

पुढे बाईंची नजर गेली, पाठोपाठ कंबर गेली आणि त्या खाटेला खिळल्या. सुनेनं नोकरी सोडली. तिच्या कामात बोट ठेवायला जागा नव्हती. वेळच्या वेळी कूस बदलायची, पाठ पुसून कोरडी करायची, तळव्यांना तेल लावायचं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ शाबूत ठेवणं म्हणजे काय मेहनत असते, ते करणाऱ्यालाच ठाऊक. बाईंच्या पाठीवर एक ओरखडा नव्हता.

वाचनही आता तिच्याकडे आलं. ती स्पष्ट वाचायची, न अडखळता. ज्वाळेत पडलेला श्रीमंत जिभेवर पाण्याचा एक थेंब मागतो, तो भाग तिनं वाचला, मग चमच्यानं बाईंना पाणी पाजलं आणि हनुवटी टिपली.

"मनन?" बाई विचारत.

"आज काही सुचत नाही, आई."

हे उत्तर रोजचं होतं.

बाईंचा श्वास जड व्हायला लागला. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन हात टेकल्याचं सांगितलं. भिंतीआडून बाईंनी ते ऐकलं असावं. दुसऱ्या सकाळी त्या म्हणाल्या, प्रभूच्या शेजारी टांगलेल्या चोराचं वाच. ज्याला शेवटच्या घटकेला त्यानं जवळ केलं, त्याचं. सून म्हणाली, तो भाग यायला अजून लांब आहे, आणि क्रम तुमचाच आहे.

बाईंना तो भाग तोंडपाठ होता. पण क्षमेचं असं की, ती स्वतःच स्वतःला म्हणून दाखवता येत नाही. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कानावर यावी लागते.

चर्चचे पाळक भेटायला आले आणि काय वाचू म्हणून विचारू लागले. सुनेनं पदर सावरून सांगितलं, आईंचा नियम आहे, आम्ही क्रमानं चाललोय. पाळकांना गहिवरून आलं. अशा अवस्थेतही नियम, म्हणाले, येत्या रविवारी मंडळीला सांगतो. बाईंना एवढंच म्हणायचं होतं, की जळो तो नियम. पण उभ्या गावाला ज्याचे धडे दिले, तो आता कुठल्या तोंडानं मोडायचा? "क्रमानंच होऊ दे," त्या म्हणाल्या. पाळकांना दारापर्यंत सोडून सून तिथेच थोडी थांबली. तिला हसू आलं होतं, ते ओसरल्यावर ती आत गेली.

वाचत वाचत वधस्तंभ आला. शिपायांनी कपडे वाटून घेतले, लोकांनी टिंगल केली, तिथे त्या दिवसाचा भाग संपला. सुनेनं पुस्तक मिटलं.

"पुढच्या चार ओळी वाच गं," बाई म्हणाल्या. आवाज घशातच राहत होता. "उद्या मी नसेन."

"त्या चोरानं आधी आपलं कबूल केलं होतं, आई. मग मागितलं. तुम्ही नुसतंच मागताय."

तिनं आयुष्यात केलेलं हे पहिलं मनन.

बाईंनी चाचपडत खाटेची कड धरली. मग म्हणाल्या, "अंजिराचं मी मुद्दाम बोलले. त्यानं तुला सोडावं म्हणून. माळ्याचं मला ठाऊक होतं." दम खाल्ला. "आता वाच."

सुनेचा हात पुस्तकावर गेला. तिथेच थांबला.

"चादर ओली झालीय. आधी ती बदलते."

"राहू दे चादर."

"पाठ बिघडेल."

तिनं कपाटातून धुतलेली चादर काढली. घडीत सुरकुती दिसली म्हणून ती ठेवून दुसरी घेतली. बाईंना भिंतीकडे कुशीवर केलं, ओली चादर गुंडाळत पाठीपर्यंत नेली, कोरडी अर्धी अंथरली, कोपरे दुमडून गादीखाली घट्ट खोचले. घाई केली नाही. धुलाईघरात तिनं कधी घाईची चादर दिली नव्हती. भिंतीकडे बाईंचे ओठ हलत होते. दुसऱ्या कुशीवर घेताना वजन बदललं. माणूस वळवणाऱ्या हाताला ते लगेच कळतं. तिलाही कळलं. तरी तिनं उरलेली बाजू ओढून घेतली, तळहात फिरवून सपाट केली आणि मग बाईंचे डोळे मिटवले.

संध्याकाळी मुलगा आला. आईच्या उशाशी बसून, काहीतरी बोलायला हवं म्हणून, त्यानं विचारलं, आजचा भाग ऐकला का तिनं?

"ऐकला," बायको म्हणाली.

"कुठपर्यंत आलं होतं?"

"वधस्तंभापर्यंत."

सकाळी धुऊन दोरीवर टाकलेली चादर वाळली होती. ती काढून आणून तिनं इस्त्री तापत ठेवली.