पोरगा वापस आला

हे जाऊन दीड महिना झाला. शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनी मला दवाखान्याच्या व्हरांड्यात बोलावून सांगितलं, आता दोन-तीन दिवसच. मी आत गेले. यांनी विचारलं, "काय म्हणते डॉक्टर?" माझ्या तोंडून निघालं, "सोमवारी सुट्टी देतो म्हणते." हे माझ्याकडे बघत राहिले... मग म्हणाले, "बरं झालं." रविवारी सकाळी गेले. माझं बोलणं त्यांना खरं वाटलं की नाही, तेवढं मला कळलं नाही. विचारायचंही राहून गेलं.

असं बोलायला मी त्यांच्याकडूनच शिकले. सरकारी प्रचाराच्या गाडीवर हे सिनेमाचं मशीन चालवायचे, गावोगावी पांढरा पडदा बांधून माहितीपट दाखवायचे. त्यातला एक पूर्वेकडच्या देशातल्या आपसातल्या लढाईचा होता. तिथली साधी पोरं, पगार नाही, बंदूक नाही, जखमी माणसांना खाटेवर घालून नदीपार नेत होती. शेवटी त्यातला एक लुंगीवाला पोरगा एका म्हातारीसाठी पुन्हा पाण्यात शिरतो, आणि मग दिसतच नाही... पहिल्यांदा हा माहितीपट दाखवला तेव्हा एक बाई पडद्यासमोरून उठेचना. तिचा मुलगा फौजेत होता. तेव्हापासून पोरगा पाण्यात शिरला की हे लगेच मशीन बंद करायचे.

खाप्याला मी एकदा सोबत गेले होते. बायकांच्या मागे बसले होते. मशीन बंद होऊन दिवा लागला तसा गलका झाला.

"काहून बंद केलं गा? पोराचं काय झालं?"

हे मशीनजवळून ओरडले, "आला ना वापस! मायनं दोन थापडा मारल्या अन् जेवाले बसवलं."

सगळे हसले. मीही हसले. गाडीत बसल्यावर मी हळूच विचारलं, "खरंच आला का जी?"

"नाही वं. पण सांगू नको कोणाले."

मी कोणाला सांगितलं नाही.

परवा खाप्याचे एक गृहस्थ भेटायला आले. यांच्याबद्दल चार शब्द बोलले, मग म्हणाले, "बाई, तो नदीतला पोरगा... त्याले आता लेकरंबाळं झाले असतीन, नाही?"

खरं सांगावंसं फार वाटलं. निदान आणखी एकाला तरी माहीत असेल. त्यांनी चहाची बशी ओठांना लावली होती, चेहरा हसरा होता.

"झाले असतीन," मी म्हणाले.

ते गेल्यावर मी यांच्या खाटेच्या कडेला बसले. पोरगा बुडाला आणि यांनी त्याला वापस आणलं, हे ठाऊक असलेली आता मी एकटीच.