नाल्यावरचा पूल आणि आमचं मागलं दार

लग्न होऊन मी ब्राह्मणपुरीहून शहाद्याला आले, त्याच हिवाळ्यात गावातला पूल खचला.

पूल म्हणजे बाजारपेठेच्या मधोमध नाल्यावर असलेली जुनी दगडी कमान. ती कधी बांधली ते कोणालाच सांगता येत नसे. भरलेली गाडी वरून गेली की खालून चुना गळायचा आणि नाल्यात म्हशी धुणारे लोक वर बघून शिव्या द्यायचे. एके दिवशी कापसाच्या गाठी घेऊन एक बैलगाडी मधोमध आली आणि तिचं एक चाक पुलातून आरपार गेलं. गाडीवान खालच्या चिखलात पडला. त्याला काही लागलं नाही. बैल जागच्या जागी उभे राहून निवांत रवंथ करत राहिले. सगळं गाव ते भोक बघायला गेलं. मलाही जायचं होतं, पण नव्या सुनेनं भोक बघायला जाणं बरं दिसलं नसतं.

मग ओव्हरसियर साहेब आले, त्यांनी भोकात काठी घालून बघितली आणि पूल पाडून नवा बांधायचं ठरलं. गाड्यांनी गावाबाहेरून, लोणखेड्याच्या अंगानं उताराच्या वाटेनं जावं, अशी दवंडी पिटली. पायी जाणाऱ्यांनी काय करावं, हे दवंडीत नव्हतं. गावाचे दोन तुकडे झाले. अल्याड आम्ही, भाजीबाजार आणि शाळा. पल्याड कचेरी, कापडाची दुकानं आणि सुईण.

आमचं घर पुलाला अगदी लागून. पुढलं दार बाजाराच्या रस्त्यावर, मागलं दार नाल्यावर. नाल्याच्या पल्याड, आमच्या मागल्या दारासमोर, एका मारवाडी शेटजींच्या कापडदुकानाची मागची बाजू. नाला रुंद नव्हता पण खोल होता, आणि तळाशी काळा चिखल.

पूल पाडायला घेतला त्याच आठवड्यात एक माणूस धापा टाकत आमच्या ओट्यावर आला.

"बाबा, मन्ही बायको अडनी शे, नि सुईन पल्याडे शे! काय करू?"

माझे सासरे शेतकरी माणूस, धिप्पाड, आणि कोणी मदत मागितली की हुरळून जाणारे. त्यांनी गोठ्यात ठेवलेले दोन सागाचे वासे ओढत आणले, नाल्यावर टाकले, वर बांबूच्या कामट्या बांधल्या. सुईण त्या वाशांवरून आली, आमच्या स्वयंपाकघरातून, मधल्या घरातून, ओट्यावरून धावत गेली. मुलगा झाला. सासऱ्यांनी पेढे असे घेतले, जणू मुलगा त्यांनीच नाल्यावरून उचलून आणला होता.

दुसऱ्या दिवशी आणखी माणसं आली. सुरुवातीला प्रत्येकाकडे कारण असे. कोणाला औषध न्यायचं होतं, कोणाला मयताला जायचं होतं. हळूहळू कारणं हलकी होत गेली. एकानं सांगितलं, पल्याडचा न्हावी दाढी बरी करतो. मग कारण सांगणंच बंद झालं. माणसं ओट्यावर चढत, मधल्या घरातून स्वयंपाकघरात येत, चुलीला वळसा घालून मागल्या दारानं बाहेर पडत.

मी त्या चुलीपाशी. घरात वडीलधारं माणूस आलं की सुनेनं डोक्यावरचा पदर पुढे ओढून उठून उभं राहायचं, ही आईची शिकवण. आईनं हे शिकवलं तेव्हा तिच्या मनात घरचे तीन-चार वडीलधारे असणार. इथं अख्ख्या शहाद्याचे वडीलधारे माझ्या पाठीमागून चालले होते. एक भाकरी थापायची तर मी पाच वेळा उठत होते. पिठाचा हात पदराला लागून लागून पदर पुठ्ठ्यासारखा ताठ झाला.

बरं, लोक नुसते जातील तर ना!

"वहिनी, भाजी करपी ऱ्हायनी," असं एक जण सांगून जाई.

"आज बी वांगंच का?" दुसरा विचारी.

एका म्हाताऱ्या बाबांनी तर पातेल्यावरचं झाकण उचललं, वास घेतला, "मीठ कमी शे," म्हणाले आणि पल्याड निघून गेले. मी चाखून बघितलं. मीठ खरंच कमी होतं. त्याचा मला जास्त राग आला.

सासूबाई सासऱ्यांना म्हणाल्या, "हाई घर शे का सडक?"

"आपले पुन्य लागी," सासरे म्हणाले.

"पुन्य तुमले, नि लोकेस्ना पायनं शेन माले!"

तेव्हापासून नियम झाला, की चपला हातात घेऊन जायचं. त्यामुळे माणसं देवळातून गेल्यासारखी घरातून जाऊ लागली. काही जण सवयीनं आमच्या चुलीला हात जोडत.

पल्याडचे शेटजी सुरुवातीला फार खूष होते. घरबसल्या गिऱ्हाईक! पण लोक मागल्या दारानं शिरून पुढल्या दारानं निघून जात. जाता जाता धोतरजोडीला हात लावून बघत आणि "पोत बरं शे" एवढं सांगून जात. शेटजी वाशांपलीकडून ओरडून गाऱ्हाणं घालायचे, "लोके येतस, पन कापड कोनी लेत नही!"

खरा घोटाळा वाशांवर व्हायचा. दोन माणसं समोरासमोर आली की मागं कोणी सरायचं? एकदा दोन व्याही मधोमध भेटले. मानपानावरून त्यांचं आधीच बिनसलेलं. मागं सरणं म्हणजे हार. दोघंही हात बांधून उभे, आणि दोन्ही काठांवर रांगा. शेवटी एकाला शिंक आली, दोघंही एकमेकांना मिठी मारून कसेबसे तोल सावरते झाले, आणि मिठीच मारली म्हटल्यावर भांडण पुढं चालवणं दोघांनाही अवघड गेलं.

त्यानंतर सासऱ्यांनी कारभार हातात घेतला. त्यांनी नंदुरबारच्या स्टेशनावर सिग्नल पाहिलेला होता. बैलाच्या गळ्यातली घंटा त्यांनी मागल्या दाराला टांगली. शेटजींनी पल्याड बांबूला लाल फडकं बांधलं. घंटा वाजली की अल्याडची माणसं निघायची, लाल फडकं वर गेलं की थांबायचं. सासरे मोट हाकायची सोडून दिवसभर दारात बसू लागले. माझे यजमान कचेरीत कारकून. तेही पल्याडच जायचे. एकदा ते घाईत सरळ निघाले, तर सासऱ्यांनी त्यांना काठी आडवी लावली.

"मांगे व्हय. घरना शे म्हनीसन काय झाये? रांगमा ये."

यजमान स्वतःच्या स्वयंपाकघरात रांगेत उभे राहिले. मी पदराआड ओठ चावत भाकरी उलटली.

मग वैशाखात लग्नसराई आली. अल्याडचा नवरदेव, पल्याडची नवरी. घोडा उताराच्या वाटेनं पाठवला आणि वऱ्हाड वाजतगाजत आमच्या ओट्यावर आलं. सनई-डफडेवाले ओटीवर, नवरदेव बाशिंग सांभाळत मधल्या घरात. सासूबाईंनी त्याला ओवाळायला तबक घेतलं. तो घरातून जाणार, मग रिकामा कसा जाऊ द्यायचा?

त्याच वेळी पुढच्या आळीतली एक म्हैस रस्त्यानं चालली होती. तिनं इतके महिने बघितलं असणार, की सगळं गाव याच दारात शिरतं. तिला वाटलं, वाट असेल. ती वऱ्हाडाच्या मागून ओट्यावर चढली, सनईवाल्याला बाजूला सारून, नवरदेवाला भिंतीला चिकटवून थेट स्वयंपाकघरात आली. मी परातीसकट कोपऱ्यात सरकले. तिनं मळलेलं पीठ एका घासात संपवलं आणि मागल्या दारातून बाहेर जायला निघाली.

मागलं दार अरुंद होतं. मान गेली, खांदे गेले, पोट अडकलं.

म्हशीचा मालक धावत आला. "ती मारत नही, भाऊ!" तो सगळ्यांना धीर देत म्हणाला. "पन मांगे बी सरकत नही."

सासऱ्यांना घंटा वाजवायची होती, पण घंटा म्हशीच्या पलीकडच्या बाजूला होती. म्हैस मान हलवी तेव्हा ती आपोआप वाजे. पल्याडची माणसं समजली, की वऱ्हाड निघालं. नवरीकडचे लोक फुलं घेऊन काठावर आले आणि त्यांना आमच्या दारातून म्हैस डोकावताना दिसली. तिच्या शिंगात नवरदेवाचा हार अडकलेला होता.

"मुहूर्त टळी जाई!" नवरदेवाचे वडील कपाळावर हात मारून म्हणाले.

"मंग म्हैसनंच लगन लाई द्या!" सासूबाई कडाडल्या. हातातलं तबक तसंच.

नेमके तेव्हा ओव्हरसियर साहेब पल्याडून वाशांवर आले होते. समोर म्हैस बघून ते मध्येच थांबले आणि तिच्या शिंगांवरून आत ओरडले, "हा रस्ता कोणाच्या परवानगीने सुरू आहे?"

म्हशीमागून सासरे अदबीनं म्हणाले, "साहेब, रस्ता नही, हाई सैपाकघर शे."

डफडेवाल्याला कोणीतरी खूण केली, की वाजव, घाबरून तरी हलेल. त्यानं म्हशीच्या शेपटीशी डफडं बडवलं. म्हैस हलली. पण पुढं. कडकड आवाज झाला, भिंतीचे पोपडे पडले आणि म्हैस चौकटीसकट बाहेर गेली. साहेब पाठमोरे धावत पल्याड पोचले, त्या वाशांवर तसं कोणी धावलं नव्हतं. म्हैस काठावरून सरळ नाल्यात उतरली आणि कमरेला चौकट, शिंगाला हार, अशी चिखलात डोळे मिटून बसली.

आणि मी हसले. मला आवरलंच नाही. सासरी आल्यापासून मी मोठ्यानं बोललेसुद्धा नव्हते, आणि आता वऱ्हाडासमोर, सासऱ्यांसमोर, पदर पडला तरी मी हसतच होते. सासूबाईंनी माझ्याकडं रागानं बघितलं. मग त्यांचं तबक हलायला लागलं. मग त्या खालीच बसल्या आणि डोळे पुसत हसायला लागल्या. म्हणाल्या, "माय वं, दार तरी मोठं झायं!"

त्या मोठ्या दारातून नवरदेव पल्याड गेला. भटजींनी पंचांग उलटंपालटं करून सांगितलं, की आधीच्यापेक्षा हाच मुहूर्त जास्त चांगला आहे. संध्याकाळी ओव्हरसियर साहेब आमच्याकडं लग्नातले लाडू खाऊन गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून पुलावर दुप्पट गवंडी दिसू लागले.

पावसाच्या तोंडाशी पूल झाला. धुळ्याहून मोठे साहेब आले, फीत कापली. सासऱ्यांनी जड मनानं वासे ओढून घेतले, नवी चौकट बसवली. त्या सकाळी मी पहिल्यांदा न उठता अख्खी भाकरी खाल्ली. घर इतकं शांत होतं, की चुलीतलं लाकूड तडकलं तरी दचकायला होई. सासूबाई दोनदा ओट्यावर जाऊन आल्या.

"आज कोनीच नही उनं," त्या म्हणाल्या.

दुपारी एक बाबा आले. चपला हातात, नजर खाली. चुलीला वळसा घालून मागल्या दारातून बाहेर पडले आणि काठावर थबकले. वासे नव्हते. शेजारीच नवाकोरा पूल उन्हात चकाकत होता, त्यावरून गाड्या चालल्या होत्या. बाबांनी पुलाकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं.

सासूबाईंनी त्यांना पाणी दिलं, गूळ दिला, जवळ बसवून घरच्या सगळ्यांची खुशाली विचारली. मग बाबा उठले आणि आल्या वाटेनं परत गेले. पावसाळाभर ते अधूनमधून येत राहिले. पुलाचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि आम्हीही काढलं नाही.