तात्यांच्या वयाचा शब्द

आमच्या शेजारच्या तात्यांइतका शब्दांच्या मागे लागणारा माणूस अख्ख्या पोलादपूर तालुक्यात सापडायचा नाही. शाळेतून निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाली, तरी समोरच्याचं बोलणं तपासल्याशिवाय त्यांना घास जात नाही. एकदा महाडच्या एसटीत कंडक्टर म्हणाला, "मुंगीलाही जागा नाय." तात्यांनी मुंगी कुठे कुठे मावेल ते दाखवत गाडी थांबवून धरली. माझ्या कोंबड्या मुंगसाने मारल्या तेव्हा मी रडत म्हणाले, "मेल्यानं वंश संपवला माझ्या कोंबड्यांचा." धीर द्यायचं सोडून तात्या आमच्या ओट्यावर ऐसपैस बसले. "तसं नाय गो. मुंगसाला भूक होती. वंशसंहार भुकेपोटी होत नाय. अमक्या कुळात जन्मले म्हणून सगळ्यांना संपवायचं, तान्ह्या पोरांसकट, आणि तेही ठरवून, त्याला म्हणतात वंशसंहार." मग त्यांनी इंग्रजी शब्द सांगितला, जेनोसाईड. अर्धा ग्रीक, म्हणजे वंश. अर्धा लॅटिन, म्हणजे मारणं. ज्याची स्वतःची माणसं अशी मारली जात होती, त्या एका वकिलाने दुसऱ्या महायुद्धात तो जोडला. "शब्द माझ्याच वयाचा हाय," तात्या कौतुकाने म्हणाले.

"त्याआधी असं होत नव्हतं?"

"होत होतं. नाव नव्हतं."

यंदा उन्हाळ्यात झऱ्याच्या पाण्यावरून वरच्या वाडीशी भांडण लागलं. देवळात बैठक भरली. मी बायकांत मागे बसले होते. तात्यांचा मुलगा एमआयडीसीत कामाला आहे, डोक्याने गरम. तो उठून ओरडला, "वरच्या वाडीचा वंशच संपवला पाहिजे!" सगळे हसले, कोणी टाळ्याही वाजवल्या. तात्या काठी टेकत उभे राहिले. आता ग्रीक-लॅटिन निघणार म्हणून पुढचे दोघे जायला उठलेसुद्धा.

तात्या एवढंच म्हणाले, "तुझी बहीण त्याच वाडीत दिली हाय. तिच्या धाकट्यापासून सुरू करायचं का रे?"

मुलगा चपला घालून निघून गेला. पुढे दिवस वाटून पाणी घ्यायचं ठरलं, भांडण मिटलं. मुलगा मात्र बापाशी आजवर बोललेला नाही.

"एवढ्या माणसांत नको होतं बोलायला," मी परवा भीतभीत म्हटलं.

"एवढ्या माणसांत हसले होते गो," तात्या म्हणाले.

हल्ली ते शब्दांचे अर्थ फारसे सांगत नाहीत. संध्याकाळी मुलाच्या कंपनीची बस आली की आपल्या ओट्यावर थोडे सरकून बसतात, शेजारी एक माणूस बसेल एवढे. मुलगा समोरून घरात जातो. मग मीच चहा घेऊन तिथे बसते.