बाईंची सावड

आमच्या गावात सावड बुडवता येत नाही. बाप मेला तर पोरगा फेडतो. मार्गासनीच्या खाली शहराकडं उतरलं की लोकांना सावड म्हणजे काय ते सांगावं लागतं, म्हणून सांगतो. भातलावणीत तुम्ही एक दिवस माझ्या खाचरात राबायचं, मग मी एक दिवस तुमच्या खाचरात. पैसा नाही, कागद नाही. माणसाला माणूस, दिवसाला दिवस. नाही म्हणायची सोय नाही.

हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. आम्हाला वाटलं, बाईमाणूस, त्यात नोकरदार, हिला काय ठाऊक असणार. सगळा घोटाळा तिथं झाला.

बाई म्हणजे आमच्या शाळेच्या बाई. शाळेला एक खोली, पुढं पडवी, आणि शिकवायला ह्या एकट्या. मूळच्या भोरजवळच्या उत्रोलीच्या. लहानपणी पोलिओनं उजवा पाय वाळला, तेव्हापासून काखेत कुबडी. मागं दोन जादा चाकं लावलेली स्कूटर घेऊन त्या पहिल्यांदा गावात आल्या, तेव्हा आम्ही म्हातारे देवळाच्या ओट्यावर बसलो होतो. गुडघे गेल्यावर ओट्यावर बसणं हाच आमचा धंदा. आमच्यातला एक मिशाळ म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "सरकारनं मास्तर धाडला, त्यो बी पाऊणच."

बाईंनी स्कूटर थांबवली. "पाय पाऊण हाय बाबा, मास्तर सव्वा हाय. हिशोब कच्चा दिसतोय तुमचा. उद्यापास्नं पहिलीत या."

आम्ही लई हसलो. मिशाळ तेवढा हसला नाही.

बाईंची खरी अडचण लावणीत व्हायची. लावणी लागली की शाळा ओस. आया चिखलात, मग तान्ही पोरं कुणी धरायची? त्यांच्या मोठ्या बहिणींनी. गुरं कुणी वळायची? भावांनी. माझी नात तिसरीत, तीही धाकट्या भावाला कडेवर घेऊन घरी. मागल्या लावणीत शिक्षण खात्याचे साहेब आले आणि रिकामा वर्ग बघून सांगून गेले, की पुढच्या वर्षी लावणीत पुन्हा असंच दिसलं तर ही शाळा बंद, पोरं ओढ्यापलीकडच्या शाळेत. पावसात तो ओढा ओलांडताना बाप्या माणूस विचार करतो. बारकी पोरं कुठली जातात? घरीच बसली असती, आणि पोरी तर कायमच्या. बाईंनी दारोदार जाऊन सांगितलं. सगळे म्हणाले, "व्हय व्हय बाई, धाडतो की." धाडलं कुणी नाही.

यंदाची लावणी माझी मंडळींशिवायची पहिली. ती फाल्गुनात गेली. वाफ्यातली रोपं उपटून त्यांच्या जुड्या बांधायचं काम कायम तिचं. त्यासाठी तिचा एक बुटका पाट होता, चिखलात बसून काळा पडलेला. मी तो सकाळी धुतला आणि बांधावर नेऊन ठेवला. कशाला, ते मला विचारू नका. सून म्हणाली, "आबा, त्यावर बसणार कोण?" मी तिला म्हणालो, "तू तुझी लावणी बघ."

तेवढ्यात बांधावरनं कुबडी टेकत बाई आल्या आणि थेट त्या पाटावर बसल्या.

"उठा त्यावरनं," मी म्हणालो.

"का? देवाचा हाय?"

"मंडळींचा हाय."

बाईंनी कुबडी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "मग त्यांना चाललं असतं. तुमचं काय दुखतंय?"

खरं होतं ते. आमच्या हिनं माझा कोरा टॉवेलसुद्धा न विचारता भांडेवालीला दिला होता.

"शाळा भरायच्या आधी रोप काढू लागते," बाई म्हणाल्या. "सावड करायची का?"

माझे डोळे चमकले. हिला ना शेत, ना खाचर. फेडायचं कुठं? फुकटचा गडी चालत आला होता, म्हणजे कुबडी टेकत आला होता. तरी माझी जित्याची खोड, मी घासाघीस केलीच. "करू की. पण बाई, तुमची निम्मी धरू. पाय असा, म्हणून आपलं..."

"आधी बघा, मग धरा."

काय ते हात! दोन्ही मुठींनी रोप उपटायचं, मुळं पाण्यात आपटून माती झाडायची आणि जुडी बांधून मागं टाकायची. मागं वळून बघायचंसुद्धा नाही. मला म्हणाल्या, "चिखलात उभं राहता येईना, म्हणून आईनं लहानपणापास्नं मला रोपावरच बसवली. घरात दुसऱ्या कुणाला रोपाला बसावं लागलं न्हाई." खाचरात लावणाऱ्या सुनेला जुड्या आवरेनात. ती कंबर धरून उभी राहिली, "बाई, जरा दमानं घ्या! आमी माणसं हाओत."

शाळेची वेळ झाली तेव्हा निम्मा वाफा मोकळा होता. "पूर्ण धरतो," मी म्हणालो. जाताना बाईंनी पाट मागितला, बसायला बरा पडतो म्हणून. मी नाही म्हणायच्या आत तो स्कूटरला बांधला होता.

संध्याकाळी मी ओट्यावर ही बातमी सांगितली, की सावड करा आणि फेडायची चिंता नको. सगळ्यांना हाव सुटली. मग बाई रोज सकाळी एका घरच्या वाफ्यावर. स्कूटरवर मागं माझ्या मंडळींचा पाट. आणि आम्ही ओट्यावर खिदळायचो, "हिचं खाचर कुठं शोधायचं रं?" मीच सगळ्यांत मोठ्यानं हसायचो.

एक दिवस संध्याकाळी बाई ओट्यापुढं आल्या. स्कूटर चालूच ठेवली. "उद्या माझी सावड. घरटी एक माणूस."

मी विचारलं, "बाई, पण तुमचं शेत कुठाय?"

"शाळेच्या पडवीत. येताना तान्ही पोरं घेऊन या. ती तुमी धरायची. एकानं गुरं वळायची. उद्या साहेब येणार हाईत, आणि माझी पोरं वर्गात पायजेत."

मिशाळ म्हणाला, "आमच्याकडनं नात येईल की धरायला."

"नात येणारच, ती माझी विद्यार्थिनी हाय. मी मोठं माणूस आले होते, मला मोठं माणूस पायजे. ओट्यावरचं असलं तरी चालंल."

"अवो, पोरं सांभाळायचं बायकांचं काम..."

"मग मी गावात सांगते, तुमी सावड बुडवली." बाई माझ्याकडं वळल्या. "आबा, तुमचा पूर्ण दिवस हाय बरं का. तुमीच धरलाय."

दुसऱ्या दिवशी पडवीत आम्ही ओळीनं बसलो. बाहेर पाऊस, आत पोरं पाढे म्हणतायत, आणि आमच्या मांडीवर एकेक कार्टं. एकानं मिशाळाच्या मिशीला लोंबकाळायचा चंग बांधला होता. तो कळवळून म्हणाला, "आरं, मुळासकट काढतंय, बाईंनीच शिकवलंय ह्याला!" साहेब येणार म्हणून मी धुतलेलं धोतर नेसलो होतो. नातवानं ते बघितलं आणि लगेच मांडीवर पाणी सोडलं. तेवढ्यात जीप आली.

साहेब पडवीत थबकले. "आजोबा, तुम्ही इथं काय करताय?"

"सावड फेडतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे मुतात बसलोय, साहेब. तुमी आत जा, बाई शिकवतायत."

साहेबांनी वर्गात बराच वेळ काढला. पोरांना वाचायला लावलं, गणितं घातली. माझी नात घडाघडा बोललेली मला बाहेर ऐकू आली. बाहेर आल्यावर ते बाईंशी नाही, आमच्याशीच बोलले. "आज वर्ग भरलाय, हे दिसलं. पण उद्या? लावणी संपेपर्यंत तुम्ही रोज येणार आहात का? का आजच्यापुरतं?"

आता सावड होती एका दिवसाची. ती फिटत आली होती. बाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांची जीभ कधी अडलेली मी बघितली नव्हती, पण तेव्हा त्या बोलेनात. सगळे म्हातारे माझ्याकडं बघायला लागले, कारण गावात तोंडाळ मीच.

"रोज येणार," मी म्हणालो. "बाईंची सावड लई हाय आमच्यावर."

मिशाळ पुटपुटला, "मिशी ऱ्हायली तर."

साहेब हसले. "मग शाळाही राहू दे," म्हणाले, आणि जीपमध्ये बसले.

पोरं सुटल्यावर मी बाईंना म्हणालो, "मंडळींचा पाट द्या आता."

"पहिलीतल्या बुटक्यांचा हात फळ्याला पुरत न्हाई. त्यावर उभी राहून लिहितात. उद्या न्या. येताना नातवाला आणा."

लावणी संपली, आता भात पोटरीला आलंय, लोंबी फुटायच्या बेतात आहे. शाळा चालू आहे. मी अजून रोज सकाळी पाट आणायला जातो. रोज त्यावर कुणीतरी उभं असतं.