जुना सर्व्हर बंद करताना आलेला आवाज

मी कॉम्प्युटरवाला माणूस. भास-बीस असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही. पण हे माझ्या एकट्यासोबत घडलं नाही, म्हणून लिहितोय.

नागपुरातल्या एका हॉस्पिटलमध्ये मी सर्व्हर सांभाळतो. रक्तपेढीला लागूनच आमची एसीची लहानशी खोली. आमच्या प्रमुख धोटे मॅडम, मूळच्या उमरेडच्या, विणकर घरातल्या. रक्तपेढीच्या सर्व्हरचं सॉफ्टवेअर इतकं जुनं झालं होतं की बनवणाऱ्या कंपनीनंही त्याला वाऱ्यावर सोडलं होतं. पण हात लावायला सगळेच घाबरायचे. चालू हॉस्पिटल, बिघडलं तर? मॅडमनी घाई केली नाही, टाळलंही नाही. आधी सर्व्हरची हुबेहूब नक्कल उभी केली, तिच्यावर आमच्याकडून पुन्हा पुन्हा तालीम करून घेतली, मुद्दाम बिघाड करून दुरुस्त करायला लावले. इतक्या धीरानं काम करणारं दुसरं कोणी मी पाहिलं नाही.

नव्या सर्व्हरवर जायला रविवारची सकाळ ठरली. नेमका त्याच आठवड्यात मॅडमचा पित्ताशयाचा त्रास उसळला. त्या रजेवर गेल्या आणि ऑपरेशनही त्याच रविवारी सकाळी ठरलं, रामदासपेठेतल्या दुसऱ्या हॉस्पिटलात. काम पुढे ढकलू का, असं मी फोनवर विचारलं.

"काहून? तुमाले येते ना सगळं," म्हणाल्या.

खरंच, सगळं तालमीसारखं झालं. रक्तपेढी नव्या सर्व्हरवर आली, तपासण्या पास. आता जुना बंद करायचा. मॅडमच्याच प्लॅनमध्ये तसं होतं, नाहीतर नोंदी दोन ठिकाणी पडतात. मी बटणाकडे हात नेला... आणि मागून मॅडमचा आवाज आला. नेहमीसारखा, शांत.

"बंद नको करू गा अजून."

मी वळलो. माझा सहकारी हर्षलही दाराकडेच पाहत होता. दारात कोणी नव्हतं. त्यानं हळूच विचारलं, मॅडम आल्या का? मी हात मागे घेतला.

थोड्याच वेळात रक्तपेढीतून फोन. कुहीकडची एक बाळंतीण आली होती, रक्तस्राव थांबत नव्हता आणि रक्त जुळवणीचा निकाल स्क्रीनवर दिसत नव्हता. मॅडम रजेवर गेल्यावर तिथं जुळवणीचं एक नवं मशीन बसवलं होतं. बसवणाऱ्यानं ते आम्हाला न सांगता थेट जुन्या सर्व्हरला जोडलेलं! निकाल तिथं येऊन पडला होता. हर्षलनं तो फोनवर वाचून दाखवला, रक्त तिच्याकडे रवाना झालं. जुना बंद असता तर जुळवणी पुन्हा हातानं करावी लागली असती, आणि तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता, असं डॉक्टर नंतर म्हणाले. बाई वाचली, बाळही.

दुसऱ्या दिवशी मॅडमना भेटायला गेलो. आवाज आला तेव्हा त्या ऑपरेशन टेबलावर होत्या, पूर्ण भुलीत. मी भूल देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारलं. नव्या मशीनची तर मॅडमना कल्पनाच नव्हती. सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "कशी आहे गा ती बाई आता?"

पुढे कामावर आल्यावर त्यांनी प्रत्येक मशीन स्वतः जाऊन तपासलं, आणि मगच जुना सर्व्हर आपल्या हातानं बंद केला. हर्षल आता पुण्यात असतो. विचारलं की तेच शब्द सांगतो, तसेच्या तसे. एकच भास, एकाच क्षणी, दोघांना... कसा? मला अजून सांगता येत नाही.